फिजिओथेरपीची प्रवेश-मुलाखत : प्रश्न आजचे, इतिहास दोनशे वर्षांचा



गेल्या डिसेंबरात माझी भाची न्यू जर्सीहून सुट्टीला आली होती. तिथेच लहानाची मोठी झालेली, कायनेसिऑलॉजी म्हणजे शरीराच्या हालचालींचे शास्त्र या विषयात पदवी घेतलेली. तिला आता फिजिओथेरपिस्ट व्हायचे आहे. अमेरिकेत त्यासाठी पदवीनंतर साधारण तीन वर्षांचा 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी', थोडक्यात डीपीटी, हा अभ्यासक्रम करावा लागतो. त्याच्या प्रवेशासाठी अनेक विद्यापीठांत मुलाखत होते, आणि तिची मुलाखत जानेवारीत होती. एका रात्री जेवणे झाल्यावर तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. त्यात साठ प्रश्न आणि त्यांची साठ उत्तरे होती. "मामा, तू डॉक्टर आहेस ना, मग तूच माझा इंटरव्ह्यू घे."

मी पहिलाच प्रश्न विचारला, "फिजिओथेरपीच का?"

"मला लोकांना मदत करायला आवडतं, आणि सायन्सची आवड आहे."

"मग नर्स का नाही? डॉक्टर का नाही? कोपऱ्यावरचा औषधवालासुद्धा लोकांना मदतच करतो, आणि त्याचंही सायन्स चांगलं आहे!"

ती हसली, पण उत्तर सुचेना. पुढचे तीन-चार प्रश्नही तसेच गेले. उत्तरे पाठ होती, चूक एकही नव्हते, पण ती कुणाचीही असू शकली असती. माझ्या लक्षात आले की हे प्रश्न का विचारले जातात हेच तिला कुणी सांगितलेले नाही. आणि पाचव्या प्रश्नाला तर तिच्याआधी मीच अडखळलो. तो प्रश्न आणि माझे अडखळणे पुढे येईलच.

त्या रात्रीनंतर आठवडाभर आम्ही दोघांनी या व्यवसायाचा इतिहास वाचून काढला. त्यातूनच हा लेख झाला. घरातले कुणी फिजिओथेरपीच्या उच्च शिक्षणासाठी बाहेर जात असेल तर उपयोग होईल. नसेल तर निदान आपल्या गुडघ्याला किंवा खांद्याला हात लावणारी व्यक्ती कोणत्या परंपरेतून आली आहे, ते तरी कळेल.

आधी ही मुलाखत असते कशी?

तिथल्या बहुतेक डीपीटी अभ्यासक्रमांचे अर्ज 'पीटीकॅस' या केंद्रीय यंत्रणेतून जातात. पदवीचे गुण, ठरावीक विषय, शिफारसपत्रे, निबंध, आणि शिवाय 'ऑब्झर्व्हेशन अवर्स', म्हणजे एखाद्या फिजिओथेरपिस्टजवळ उभे राहून काम पाहिल्याचे तास, असे सगळे बघितले जाते. काही विद्यापीठे मुलाखत घेतच नाहीत. जी घेतात त्यांच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, दोन-तीन प्राध्यापकांसमोरची नेहमीची मुलाखत. दुसरी, गटात बसवून एखादे काम देणे आणि कोण कसे वागते ते बघणे. तिसरी, 'मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू'. त्यात लहान लहान खोल्या असतात. दारावर एक प्रसंग लिहिलेला असतो, तो दोनेक मिनिटांत वाचायचा आणि आत जाऊन सात-आठ मिनिटे बोलायचे. घंटा झाली की पुढची खोली.

ही तिसरी पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय प्रवेशासाठी तयार केली आणि २००४ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. त्यामागचा विचार साधा होता. एकाच परीक्षकावर पडलेली छाप फसवी असू शकते, म्हणून अनेक परीक्षकांनी अनेक प्रसंगांत थोडे थोडे पाहावे. पुढे ती इतर आरोग्य-अभ्यासक्रमांतही पसरली.

आपल्याकडे मात्र मार्कलिस्टच बोलते. मी स्वतः एमबीबीएस आणि एमडी झालो, पण "तुला डॉक्टर का व्हायचं आहे?" असे मला प्रवेशाच्या वेळी कुणीही विचारले नाही. विचारले असते तर मीही बहुधा मदत आणि सायन्सच सांगितले असते.

आता प्रश्नांकडे वळू.

प्रश्न पहिला : फिजिओथेरपीच का?

याचे उत्तर शोधायला स्वीडनला जावे लागते. पेर हेन्रिक लिङ् हे तलवारबाजीचे शिक्षक होते, डॉक्टर नव्हते. शिस्तीत, ठरवून केलेल्या हालचालींनी शरीर सुधारते, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून ओळखले. १८१३ मध्ये त्यांनी स्टॉकहोममध्ये राजाश्रयाने व्यायामाची मध्यवर्ती संस्था काढली. तिथे सैनिकी व्यायामाबरोबर 'वैद्यकीय व्यायाम' ही स्वतंत्र शाखा होती. डॉक्टर मंडळींनी सुरुवातीला नाक मुरडले. पण १८३१ मध्ये स्वीडनच्या वैद्यकीय संघटनेने याच माणसाला सभासद करून घेतले. १८८७ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने अशा उपचारकांची अधिकृत नोंदणीही सुरू केली.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी : माझ्या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे 'या माणसाला झालंय काय?' पेर हेन्रिक यांच्या शाखेचा मूळ प्रश्न आहे 'या माणसाला हलता कसं येईल?' मी औषध देतो तेव्हा रुग्णाने ते गिळायचे असते, बाकीचे काम औषध करते. फिजिओथेरपीत मात्र काम रुग्णालाच करायचे असते. उपचारक शिकवतो, आधार देतो, मोजतो आणि चिकाटी टिकवून धरतो. हा फरक ज्याला मनापासून आवडतो त्याच्याकडे 'फिजिओथेरपीच का?' याचे उत्तर असते. "मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून" हे उत्तर तोंडाने नाही दिले तरी चेहऱ्यावर दिसते.

प्रश्न दुसरा : रुग्णाला तुमचा स्पर्श नकोसा वाटला तर?

प्रवेश-मुलाखतीत हे असे सरळ विचारतीलच असे नाही. प्रसंग देतात. 'रुग्णाने अघळपघळ विनोद केला, तुम्ही काय कराल?' 'रुग्णाला स्त्री उपचारकच हवी आहे, तुम्ही पुरुष आहात, पुढे काय?' असे काहीतरी.

या प्रश्नामागे १८९४ चे लंडन आहे. त्या काळी मसाज लोकप्रिय होता आणि त्या नावाखाली भलतेच धंदेही चालत. त्या वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने अशा जागांविषयी उघडपणे लिहिले आणि मोठी खळबळ उडाली. रुग्णालयात प्रामाणिकपणे मसाजचे काम करणाऱ्या परिचारिकांची नावे त्यात नाहक बदनाम होणार, हे दिसत होते. तेव्हा चौघी पुढे आल्या. ल्युसी रॉबिन्सन, रोझालिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर यांनी 'सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस' स्थापन केली.

निषेधाची पत्रके काढत बसण्यापेक्षा त्यांनी परीक्षा सुरू केली, उत्तीर्ण झालेल्यांची यादी ठेवली आणि कडक नियम केले. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय उपचार करायचे नाहीत. सर्वसाधारण वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची नाही. रुग्णाला औषधे विकायची नाहीत. पुरुषांना सरसकट मसाज करायचा नाही. आज हे नियम जुनाट वाटतील, पण त्यांनी विश्वास कमावला. १९२० मध्ये संस्थेला राजाची सनद मिळाली आणि १९४४ मध्ये तिचे नाव 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी' झाले. आजही ब्रिटनची ती मुख्य संस्था आहे.

म्हणजे फिजिओथेरपीचा व्यवसाय ब्रिटनमध्ये उभा राहिला तोच 'माझ्या हातावर विश्वास ठेवा' हे सिद्ध करण्यासाठी. म्हणून परवानगी विचारणे, काय करणार ते आधी सांगणे, अंग झाकणे, गरज असेल तर सोबत कुणाला उभे करणे, हे या व्यवसायात निव्वळ शिष्टाचार म्हणून येत नाही. ते पायाचे दगड आहेत. मुलाखतीतल्या उत्तरात 'मी आधी विचारेन' हे शब्द असलेच पाहिजेत.

प्रश्न तिसरा : संघात तुमची भूमिका काय?

पहिल्या महायुद्धात एक नवीनच गोष्ट घडली. जंतुनाशके आणि मांडीचे हाड नीट धरून ठेवणाऱ्या टॉमस फळीसारख्या साधनांमुळे, पूर्वी जे जखमी दगावले असते ते जगू लागले. जगले, पण आखडलेले सांधे आणि तुटलेले अवयव घेऊन. आता त्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न सरकारांपुढे उभा राहिला.

इथे मेरी मॅकमिलन येतात. जन्म १८८० चा, मॅसॅच्युसेट्समधला. वाढल्या इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलला नातेवाइकांकडे. तिथे व्यायामशास्त्र शिकून सर रॉबर्ट जोन्स या नामवंत अस्थिशल्यविशारदांच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि १९१५ मध्ये अमेरिकेला परतल्या. १९१८ मध्ये अमेरिकन लष्कराने त्यांना 'रिकन्स्ट्रक्शन एड' म्हणून घेतले. त्याच उन्हाळ्यात ओरेगनमधल्या रीड कॉलेजात त्यांनी सुमारे २०० तरुणींना घाईघाईने तयार केले. यातल्या अनेक जणी आधी व्यायामशिक्षिका होत्या. काहींना थेट फ्रान्सला पाठवले गेले. काम लष्कराचे, पण हुद्दा नाही. सगळे नागरी कर्मचारी म्हणूनच.

युद्ध संपले तशा या मुली घरोघरी परतल्या असत्या आणि विषय तिथेच संपला असता. पण जानेवारी १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'कीन्स' नावाच्या खानावळीत ३० जणी जमल्या आणि त्यांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. मॅकमिलन पहिल्या अध्यक्ष. त्याच वर्षी त्यांचे मसाज आणि उपचारात्मक व्यायामावरचे पुस्तक आले. १९२२ मध्ये संघटनेने पुरुषांनाही दारे उघडली, आणि १९४७ पासून ती 'अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशन' म्हणून ओळखली जाते. अमेरिकेत 'फिजिकल थेरपी' आणि आपल्याकडे 'फिजिओथेरपी', दोन्ही एकच.

लष्करी रुग्णालयात शल्यविशारद, परिचारिका, फिजिओथेरपीच्या आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या मुली सगळे एकाच खाटेभोवती असत. कुणाचे काम कुठे संपते आणि कुणाचे कुठे सुरू होते, हे रोज ठरवावे लागे. गटमुलाखतीत परीक्षक हेच बघतात. सगळ्यात जास्त बोलणाऱ्याला जास्त गुण, असे तिथे नसते. दुसऱ्याचे म्हणणे ऐकून त्यात भर घालणारा आणि गप्प बसलेल्याला बोलते करणारा उमेदवार त्यांना हवा असतो.

प्रश्न चौथा : तुमची पद्धत चुकीची आहे असे कळले तर?

आता पोलिओकडे. १९१६ च्या साथीत अमेरिकेत २७,००० हून अधिक लोक, बहुतांश मुले, आजारी पडली आणि सुमारे ६,००० दगावली. वाचलेल्यांत हजारोंचे हातपाय लुळे होते. त्याच काळात बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी प्रत्येक स्नायूची ताकद हाताने तपासून तिला श्रेणी देण्याची पद्धत बसवली. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलता येते का, त्यावर आणखी जोर दिला तर टिकते का, असे बघत जायचे. फिजिओथेरपीचा प्रत्येक विद्यार्थी आज जी शून्य ते पाच अशी श्रेणी शिकतो, आणि मीही अर्धांगवायूच्या रुग्णाच्या केसपेपरवर रोज लिहितो, तिची मुळे इथे आहेत.

उपचार मात्र तेव्हा उलटे होते. दुर्बळ स्नायू ताणला जाऊ नये म्हणून मुलांना महिनोन्महिने फळ्या आणि प्लास्टरमध्ये जखडून ठेवत. ऑस्ट्रेलियाच्या आडगावात काम करणाऱ्या एलिझाबेथ केनी यांनी याविरुद्ध आवाज उठवला. त्यांनी परिचारिकेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. 'सिस्टर' ही पदवी लष्करी सेवेतली. त्या लोकरीचे कापड उकळत्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून दुखऱ्या स्नायूंवर ठेवत आणि मग हळूहळू हालचाल करवून घेत. १९३८ मध्ये क्वीन्सलँडच्या चौकशी आयोगाने त्यांच्या पद्धतीविरुद्ध अहवाल दिला. १९४० मध्ये त्या अमेरिकेत आल्या. मिनिआपोलिसमध्ये डॉ. जॉन पोल आणि डॉ. मिलंड नॅप यांनी त्यांचे काम प्रत्यक्ष पाहिले, आणि १९४२ मध्ये तिथे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. जखडून ठेवणे मागे पडले.

यात एक गंमत आहे आणि एक धडाही. पोलिओ नेमका कसा होतो याबद्दलचे केनीबाईंचे सिद्धान्त बऱ्याच अंशी चुकीचे होते, पण त्यांचा उपचार उपयोगी ठरला. डॉक्टरांचे सिद्धान्त बरोबर होते, आणि त्यांचा उपचार मुलांना आखडवत होता. म्हणून नुसता तर्क पुरत नाही आणि नुसता अनुभवही पुरत नाही. तपासून बघावे लागते. मुलाखतीत 'पुराव्यावर आधारित उपचार म्हणजे काय?' असे विचारतात, तेव्हा व्याख्या म्हणून दाखवण्यापेक्षा ही एक गोष्ट सांगितली तरी परीक्षकाला कळते की मुलाला विषय समजला आहे.

आणि आपली मुंबई

पोलिओनेच ही विद्या आपल्या दारात आणली. १९५० च्या आगेमागे मुंबईत पोलिओने पाय पसरले होते. मुलांचे प्राण वाचत, पण त्यांना उभे करणारे प्रशिक्षित हात देशात नव्हते. १९५३ मध्ये भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय सुरू केले. देशातले पहिले. १९५५ मध्ये भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी हाजी अलीजवळ पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्थाही उभी राहिली. कॅलिपर घालून, कुबडी घेऊन शाळेत जाणारी मुले माझ्या पिढीने वर्गात पाहिली आहेत. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या साथीसाठी तयार झालेले हात आता अर्धांगवायू, अपघात, गुडघेबदल आणि अतिदक्षता विभाग सांभाळतात.

प्रश्न पाचवा : डॉक्टरांशी मतभेद झाला तर?

हाच तो प्रश्न. भाचीचे पाठ केलेले उत्तर होते, "मी डॉक्टरांचा निर्णय मान्य करेन आणि नम्रपणे माझं मत मांडेन." उत्तर गुळगुळीत होते. मी काही बोलायच्या आत मला एक शिंपी आठवले.

मी तेव्हा एमडी करत होतो, रजिस्ट्रार होतो. पन्नाशीचे एक शिंपी उजव्या बाजूचा अर्धांगवायू होऊन दाखल झाले. चौथ्या दिवशी त्यांचा रक्तदाब स्थिर होता, शुद्ध नीट होती. वॉर्डातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या असतील. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आजपासून बसवू या का? पावलाला आधार द्यायला हवा, टाच वर ओढली जातेय." मी केसपेपरवर 'पूर्ण विश्रांती' लिहिले होते आणि राउंडला उशीर होत होता. मी म्हणालो, "मी सांगेन तेव्हा बसवा." त्या काही बोलल्या नाहीत. पुढचे दहा-बारा दिवस मी सांगितले नाही, कारण मी विसरलो होतो.

तीन महिन्यांनी ते ओपीडीत आले. पायात थोडी ताकद आली होती, पण पाऊल खाली वळून आखडलेले, आणि खांदा हलवला की कळ. त्यांनी मला एकच विचारले, "डॉक्टर, मशीनचा पायटा दाबता येईल का हो?" पायटा दाबायला टाच खाली टेकावी लागते. त्यांची टेकत नव्हती.

सगळा दोष त्या दहा दिवसांचा होता असे मी म्हणणार नाही. मेंदूची इजाही मोठी होती. पण जे टाळता आले असते ते माझ्या एका वाक्याने टळले नाही. बरोबर कोण होते, हे त्या मॅडमना ठाऊक होते आणि तरी त्या गप्प बसल्या. का बसल्या, ते मला या इतिहासात सापडले.

१८९४ चा लंडनचा नियम आठवा : डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय काही नाही. अमेरिकेत १९३५ च्या आचारसंहितेतही निदान करणे आणि उपचार लिहून देणे हे पूर्णपणे डॉक्टरांचे काम ठरवले होते. त्याच दशकात डॉक्टरांच्या आग्रहावरून या लोकांची नोंदणी 'टेक्निशियन' म्हणून झाली. ज्या नियमाने या व्यवसायाला अब्रू दिली, त्यानेच त्याची जीभ बांधली. ती गाठ हळूहळू सुटली. १९५७ मध्ये नेब्रास्का राज्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओथेरपिस्टकडे जाण्याची मुभा दिली. २०१५ पर्यंत ती कमी-अधिक प्रमाणात पन्नासही राज्यांत आली. जबाबदारी वाढली तसे शिक्षणही वाढले. क्रेटन विद्यापीठातून १९९६ मध्ये थेट डीपीटी झालेली पहिली तुकडी बाहेर पडली, आणि २०१५ अखेरपर्यंत सगळ्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना डीपीटीच व्हावे लागले.

आपल्याकडे हा प्रवास अजून चालू आहे. २०२१ मध्ये केंद्राने या आणि इतर संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉ.' लावू नये असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाचे पत्र निघाले आणि लगेच मागेही घेतले गेले. त्या वादात मी पडत नाही. मला एवढेच कळते की नावाआधी काय आहे यापेक्षा, बरोबर असताना बोलता येते का आणि बोललेले ऐकले जाते का, हे रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

अजून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लवकर उठवणे चांगले, म्हणून जितके लवकर आणि जितके जास्त तितके उत्तम, असेही नाही. २०१५ मध्ये 'अॅव्हर्ट' या चाचणीचे निष्कर्ष आले. २,१०४ रुग्ण होते. अर्धांगवायूनंतर पहिल्या २४ तासांत जोरदार हालचाल सुरू केलेल्यांचे निकाल नेहमीच्या पद्धतीपेक्षा थोडे वाईटच आले. म्हणजे 'झोपवून ठेवा' हेही चूक आणि 'आत्ताच पळवा' हेही चूक. रुग्ण पाहून, त्याची वेळ ओळखून ठरवायचे. म्हणूनच दोघांनी बोलायचे असते.

हे सगळे ऐकून भाचीने आपले उत्तर खोडले आणि नवीन सांगितले : "मी डॉक्टरांना मला काय दिसलं ते मोजमापासकट सांगेन. त्यांचं कारण विचारेन, कारण त्यांना माझ्यापेक्षा वेगळी काहीतरी माहिती असू शकते. ते विसरले तर पुन्हा आठवण करेन. आणि हे सगळं लिहून ठेवेन." मी मान डोलावली. त्या मॅडमनी मला दुसऱ्या दिवशी पुन्हा टोकले असते तर मी कदाचित चिडलो असतो, पण बसवले असते.

मग तयारी कशी करावी?

* उत्तरे पाठ करू नका, प्रसंग गोळा करा. स्वतःने पाहिलेले किंवा केलेले सहा-सात प्रसंग नीट आठवून ठेवा. चूक झाली तो, भांडण मिटवले तो, हार मानली नाही तो. बहुतेक प्रश्नांना यांतलाच एखादा उपयोगी पडतो.
* पाहिलेल्या तासांची वही ठेवा. किती तास पाहिले हे अर्जात असतेच. काय पाहिले ते मुलाखतीत विचारतात. रुग्णाचे नाव, गाव, ओळख पटेल असे काहीही बोलू नका. अमेरिकेत १९९६ चा 'हिपा' कायदा याबाबत कडक आहे, आणि कायदा नसता तरी तेच योग्य.
* प्रसंगाच्या प्रश्नाला घाईने निकाल देऊ नका. आधी काय माहीत नाही ते विचारा, मग कुणाकुणाचे हित गुंतले आहे ते सांगा, आणि शेवटी स्वतःचा निर्णय मात्र नक्की द्या. टोलवाटोलवी नको.
* घड्याळ लावून मोठ्याने सराव करा. मनातल्या मनात प्रत्येकजण छान बोलतो. घरच्या एखाद्या माणसासमोर सात मिनिटे बोलून बघा.
* कमी गुण किंवा एखादे वाया गेलेले वर्ष लपवू नका. दोन वाक्यांत कारण, दोन वाक्यांत त्यानंतर काय बदलले. रडगाणे नको.
* त्या विद्यापीठाबद्दल वाचून जा आणि एक खरा प्रश्न विचारा. प्रत्यक्ष रुग्णांवरचे प्रशिक्षण कुठे होते, फी आणि कर्जाचा भार विद्यार्थी कसा पेलतात, हे विचारण्यात लाज नाही. तीन वर्षे तुम्हालाही काढायची आहेत.
* आदल्या रात्री झोपा. हे मी डॉक्टर म्हणून सांगतोय. मुलाखत ऑनलाइन असेल तर वेळेतला फरक तपासा. न्यूयॉर्कची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ.

जायच्या आदल्या रात्री मी तिला पहिला प्रश्न पुन्हा विचारला. तिने थोडा वेळ घेतला आणि सांगू लागली. ती ज्या क्लिनिकमध्ये काम बघत होती तिथे गुडघा बदललेले एक आजोबा येत. थेरपिस्टने त्यांना आधी विचारले, "तुम्हाला काय करता यायला हवं?" ते म्हणाले, "कपडे धुवायला तळघरात उतरायचं असतं. बायको होती तेव्हा ती उतरायची." मग तीन आठवडे त्या थेरपिस्टने टॉवेल भरलेली टोपली त्यांच्या हातात देऊन त्यांच्याकडून पायऱ्या उतरण्याचा सराव करून घेतला. "मामा, गुडघा सर्जननी बदलला, दुखणं गोळीनं कमी झालं. पण टोपली घेऊन जिना कसा उतरायचा ते कुणीतरी शिकवायला हवं होतं. ते मला करायचंय."

साठ उत्तरांच्या फाइलमध्ये हे उत्तर नव्हते.

निकाल अजून यायचा आहे. तिला प्रवेश मिळेल न मिळेल, मी मात्र एक गोष्ट सुरू केली आहे. चिठ्ठीवर नुसते 'फिजिओथेरपी' असे लिहून मोकळा होत नाही. रुग्णाला काय करता यायला हवे ते एका ओळीत लिहितो आणि खाली माझा फोन नंबर देतो. गेल्या महिन्यात एका तरुण फिजिओथेरपिस्टचा फोन आला, "सर, तुमचं निदान मला पटत नाहीये, बोलू का?"

मी म्हटले, "बोला."